जादूचे नियम बदलायचेत? स्लॉट, पॉइंट, फासा आणि क्रियापदं यांची तुलना

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या कथा-खेळाची पाचवी आवृत्ती काही महिने चालवली की बऱ्याच डीएमच्या (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मनात येतं, हे जादूचं प्रकरण एकदा बदलायला हवं. पण असं म्हणणाऱ्या सगळ्यांची तक्रार सारखी नसते. एकाच्या टेबलावर विझार्ड (जादूगार) सगळ्यांवर भारी पडतोय आणि फायटरचा (लढवय्याचा) खेळाडू नुसता पाळीची वाट बघत बसतोय. दुसऱ्याला वाटतं, जादूत गूढ असं काही उरलंच नाही. छापलंय तसं होतं, तेवढंच होतं आणि दर वेळी होतं. तिसऱ्याचे खेळाडू भन्नाट काहीतरी सुचवतात, पण यादीत तसा स्पेलच (मंत्रच) नसतो. या तीन दुखण्यांना एकच औषध लागू पडत नाही. होमब्रू, म्हणजे घरी बनवलेले, नियम फसतात ते बहुधा इथेच. दुखणं पहिलं असतं आणि औषध तिसऱ्यावरचं आणलेलं असतं.

मी स्वतः कुठलीही जादूची पद्धत पारखताना आधी दोन गोष्टी बघतो. जादूची किंमत कशात मोजायची आहे, आणि ती किंमत खेळाडूला कधी कळते: स्पेल टाकण्याआधी, टाकताना, की टाकून झाल्यावर. मंत्रांची नावं, जादूच्या शाळा, जगाचा इतिहास हे सगळं त्यानंतर.

तुलना हवेत राहू नये म्हणून एकच प्रसंग सगळ्या पद्धतींना लावून बघू. पाचव्या लेव्हलची विझार्ड, इंटेलिजन्स १८. समोर नदीवरचा लांब लाकडी पूल. पलीकडच्या टोकाला आठ ऑर्क (राक्षसी लढवय्ये). पुलाच्या मध्यावर पार्टीतला (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीतला) फायटर जखमी होऊन पडलाय. पाळी विझार्डची.

स्लॉट: किंमत आधीच माहीत

स्लॉटची (दिवसभरात मंत्र टाकायच्या ठरावीक संधींची) पद्धत कुठून आली ते कळलं की तिचा स्वभाव कळतो. १९७१मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांचा चेनमेल हा मध्ययुगीन लढायांचा खेळ आला. त्याच्या फँटसी पुरवणीतला विझार्ड आगीचे गोळे आणि विजा फेकायचा, आणि त्या माऱ्याचा हिशोब कॅटापुल्ट आणि तोफेच्या नियमांवरून केलेला होता. १९७४मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स आणला, तेव्हा त्यात जॅक व्हान्सच्या कथांमधली कल्पना मिसळली: जादूगार मंत्र डोक्यात भरून घेतो, आणि म्हटला की तो मंत्र डोक्यातून पुसला जातो. थोडक्यात, दारूगोळ्याचा साठा. सकाळी भरायचा आणि दिवसभर पुरवून वापरायचा.

पाचव्या आवृत्तीने हे पुष्कळ सैल केलं. तयार केलेला स्पेल आता पुसला जात नाही, फक्त स्लॉट खर्च होतो. कँट्रिप (सगळ्यात छोटे मंत्र) तर हव्या तितक्या वेळा टाकता येतात. पण साठ्याचा हिशोब तसाच आहे.

पुलावर बघा. आपल्या विझार्डकडे पहिल्या लेव्हलचे चार, दुसऱ्याचे तीन आणि तिसऱ्याचे दोन स्लॉट आहेत. ती फायरबॉल टाकते. ८डी६, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८ डॅमेज (इजा). तिचा सेव्ह डीसी (फटका चुकवायला वीस बाजूंचा फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) १५, ऑर्कचा डेक्स्टेरिटी (चपळाई) बोनस १, म्हणजे प्रत्येक ऑर्कला वाचायची संधी ३५ टक्के. २०१४च्या नियमांतल्या ऑर्कला १५ हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचा आकडा) असतात. सेव्ह हुकला तर तो जवळजवळ नक्की मेला. सेव्ह लागला तर सरासरी १४ डॅमेज, म्हणजे एका पॉइंटवर तगून उभा. गोळा ऑर्कांच्या थोडा मागे टाकला तर २० फुटांच्या त्रिज्येतून फायटर सुटतो. पण फायरबॉलच्या वर्णनात एक वाक्य आहे जे बरेच जण विसरतात: कुणी अंगावर घातलेल्या किंवा हातात धरलेल्या नसलेल्या ज्वलनशील वस्तू पेट घेतात. पुलाचं पलीकडचं टोक पेटणार.

हे सगळं खेळाडूला टाकण्याआधीच माहीत आहे. तिच्यासमोर एकच प्रश्न आहे: आत्ता वापरू, की पुढच्या लढाईला ठेवू? ज्यांना डाव आखायला आवडतं त्यांना यातच खरी मजा असते, आणि ती मजा कमी लेखू नये. चार जण डोकी एकत्र करून "तू आधी ग्रीस टाक, मग मी ढकलतो" असं ठरवतात, ते स्पेल हमखास चालतो म्हणूनच ठरवू शकतात.

मग विझार्ड भारी का पडतो? २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये गृहीत धरलंय की पार्टी एका दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ गाठीभेटी पेलते. आपण शनिवारी संध्याकाळी जमतो, त्यात एक मोठी लढाई होते, फार तर दोन, आणि मग पार्टी झोपते. झोप झाली की सगळे स्लॉट परत मिळतात. सहा-आठ लढायांना पुरवायचे नऊ स्लॉट दोन लढायांत उधळायला मिळाले तर फायटर मागे पडणारच. दोष जादूचा नाही, झोपेचा आहे.

म्हणून पहिली तक्रार असेल तर माझा सल्ला ठाम आहे. जादूला हात लावण्याआधी विश्रांतीचे नियम बदलून बघा. त्याच गाइडमध्ये ग्रिटी रिअॅलिझम नावाचा पर्याय आहे: शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांची, लाँग रेस्ट (मोठी विश्रांती) सात दिवसांची. एक ओळ बदलायची, आणि नऊ स्लॉट आठवडाभर पुरवावे लागतात. एक अडचण येते. मेज आर्मरसारखे आठ तास टिकणारे स्पेल एकदम दुबळे होतात, कारण पूर्वी ते जवळपास पूर्ण कामाचा दिवस झाकायचे. अशा स्पेलची मुदत लांबवून द्या, काम भागतं.

पॉइंट: मागणी सगळ्यात जास्त, फायदा सगळ्यात कमी

"स्लॉट कशाला, सरळ मॅजिक पॉइंट द्या ना," ही मागणी जवळपास प्रत्येक टेबलावर होते, आणि व्हिडिओ गेम खेळून आलेल्यांकडून तर हमखास होते. कल्पना जुनी आहे. केन सेंट आंद्रे यांच्या १९७५च्या टनेल्स अँड ट्रोल्समध्ये जादूगार मंत्राची किंमत स्वतःच्या स्ट्रेंग्थमधून मोजायचा. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या गाइडमध्येही स्पेल पॉइंटचा पर्याय आहे: पहिल्या लेव्हलच्या स्पेलला २ पॉइंट, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ५, असं करत नवव्याला १३.

आपल्या विझार्डला या नियमाने २७ पॉइंट मिळतात. हा आकडा स्लॉटवरूनच काढलाय: चार दुणे आठ, तीन त्रिक नऊ, दोन पाचे दहा. कागदावर सगळं जुळतं. आता पूल. पाच पॉइंटचा एक फायरबॉल, म्हणजे २७ पॉइंटांत पाच फायरबॉल आणि वर दोन पॉइंट शिल्लक. स्लॉटमध्ये दोनच होते. मॅजिक मिसाइलला दोन पॉइंट पडतात आणि सरासरी साडेदहा डॅमेज मिळतो. अडीचपट किमतीत फायरबॉल २८ देतो, तोही अख्ख्या घोळक्याला. खेळाडू मूर्ख नसतात. दोन-तीन आठवड्यांत लहान स्पेल कागदावरून गायब होतात आणि विझार्ड एकाच बटणावर बोट ठेवून बसतो. सहाव्या लेव्हलपासून वरच्या स्पेलना दिवसाला एकदाच अशी मर्यादा त्या नियमात आहे, पण बहुतेक कँपेन (महिनोन्महिने चालणाऱ्या कथा) त्या उंचीपर्यंत पोचतच नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी मला जास्त खटकते. सॉर्सरर या जन्मजात जादूगाराच्या वर्गाचं वैशिष्ट्यच हे की तो सॉर्सरी पॉइंट देऊन स्लॉट बनवतो, आणि तिथे दर आहे २, ३, ५, ६, ७. म्हणजे तोच. सगळ्यांना पॉइंट दिले की सॉर्सररकडे त्याचं स्वतःचं म्हणावं असं फार थोडं उरतं, आणि ज्या खेळाडूने तो वर्ग हौसेने निवडला त्याला हे पहिल्याच संध्याकाळी जाणवतं.

तरीही पॉइंटच हवे असतील तर ते शरीराशी किंवा जागेशी बांधा. सुटा आकडा कंटाळवाणा असतो. टनेल्स अँड ट्रोल्समध्ये स्ट्रेंग्थ उतरली की हातातलं हत्यारही पेलेनासं होतं, म्हणून तिथे मंत्र टाकताना माणूस दोनदा विचार करतो. गर्प्स या खेळात जादूची शक्ती थकव्यातून येते, म्हणजे ज्या साठ्यातून पळायचं त्याच साठ्यातून मंत्र टाकायचा. शिवाय तिथे जागेनुसार मानाची, म्हणजे जादूच्या ऊर्जेची, पातळी बदलते. कमी माना असलेल्या प्रदेशात जादूगाराचं कौशल्य पाचने घटतं, मानाच नसेल तिथे जादू चालतच नाही, आणि भरपूर असेल तिथे मंत्र शिकलेला कुणीही तो टाकू शकतो. नकाशाला एकदम अर्थ येतो. ज्या दरीत विझार्ड साधा माणूस होतो, तिथून पार्टीला जायला लावणं हा एक अख्खा अॅडव्हेंचर आहे.

व्हाइटहॅक या खेळात तर वाइज या वर्गाचं पात्र चमत्काराची किंमत स्वतःच्या हिट पॉइंटमध्ये देतं. हे पाचव्या आवृत्तीत आणायचं असेल तर एक भोक आधी बुजवा. ३२ हिट पॉइंटच्या विझार्डने फायरबॉलला पाच दिले आणि शेजारच्या क्लेरिकने (पुजाऱ्याने) क्युअर वुंड्स या बरं करणाऱ्या मंत्राने ते लगेच भरले, तर किंमत कुणीच मोजली नाही. जादूत गेलेले हिट पॉइंट कमाल आकड्यातूनच वजा करा आणि लाँग रेस्टनंतरच परत द्या.

फासा: किंमत टाकताना कळते

दुसरी तक्रार, म्हणजे जादू फार सरळसोट झाली आहे, तिच्यावर मला हीच पद्धत पटते. लिहायला कमी लागतं आणि टेबलावरचा फरक पहिल्या रोलपासून दिसतो.

सगळ्यात सुटसुटीत रूप केल्सी डिऑन यांच्या शॅडोडार्क या खेळात (२०२३) आहे. स्लॉट नाहीत. स्पेल टाकताना डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा, त्यात इंटेलिजन्सचा बोनस मिळवायचा, आणि १० अधिक स्पेलची पातळी एवढा आकडा गाठायचा. गाठला तर स्पेल चालला आणि पुन्हाही टाकता येतो. हुकला तर विश्रांती होईपर्यंत तो स्पेल गेला. नैसर्गिक १ आला तर विझार्डवर काहीतरी ओढवतं, त्याचं कोष्टक आहे.

पुलावर आपल्या विझार्डला १३ गाठायचेत, बोनस ४. फाशावर ९ किंवा वर हवेत, म्हणजे ६० टक्के. पाळी तीच, स्पेल तोच, पण आता तिला आधी स्वतःलाच विचारावं लागतं: हुकला तर? फायटर तिथेच पडलेला, ऑर्क पुढे सरकलेले आणि फायरबॉल उद्यापर्यंत गेलेला. मग तिला आणखी एक विचार सुचतो, जो स्लॉट असताना सुचला नसता: आधी रोगला (चोरट्याच्या पात्राला) धावत जाऊन फायटरला ओढून आणू दे, मी तोवर थांबते. जादू हा हमखास उपाय राहिला नाही की बाकीची पात्रं महत्त्वाची होतात. पहिल्या तक्रारीलाही इथे थोडा उतारा पडतो तो असा.

आता हे पाचव्या आवृत्तीत बसवताना दोन ठिकाणी जपा.

एक, दुहेरी फासा. विझार्डने रोल मारायचा आणि वर ऑर्कांनी सेव्हही करायचा असं ठेवलं, तर एखाद्या ऑर्कला पूर्ण फटका बसायची शक्यता ६० टक्क्यांच्या ६५ टक्के, म्हणजे ३९ उरते. खेळाडू चिडेल आणि त्याचं चिडणं रास्त असेल. शॅडोडार्कमध्ये बहुतेक स्पेलना समोरच्याचा वेगळा सेव्ह नसतोच. तुम्हीही एकच रोल ठेवा: विझार्डचा रोल लागला की ऑर्कांचा सेव्ह नाही. फायर बोल्टसारख्या कँट्रिपना आधीच अॅटॅक रोल (नेम लागला का ते ठरवणारा फासा) असतो, त्यांना नवा रोल लावू नका.

दुसरी गोष्ट आकड्यांची, आणि ही लक्षात यायला वेळ लागतो. ६० टक्क्यांवर चालणारा स्पेल पहिल्यांदा हुकण्याआधी सरासरी दीड वेळा चालतो. ७५ टक्क्यांवर तोच तीन वेळा. ज्यांना ६० टक्के क्रूर वाटतं ते लेव्हलबरोबर वाढणारा प्रोफिशियन्सी बोनसही मिळवू देतात. पाचव्या लेव्हलला तो ३ असतो, म्हणजे शक्यता नेमकी ७५ टक्के होते आणि स्पेलचा वापर दुप्पट. बरं, हा हिशोब प्रत्येक स्पेलचा वेगळा चालतो. आपली विझार्ड नऊ स्पेल तयार ठेवते. सगळे तिसऱ्या लेव्हलचे धरले तर दिवसाला सरासरी साडेतेरा यशस्वी स्पेल, सगळे पहिल्या लेव्हलचे धरले तर एकवीस. स्लॉट होते नऊ. म्हणजे जादू बेभरवशाची करायला निघालो आणि विझार्ड आधीपेक्षा भारी करून बसलो. उपाय सोपा आहे: प्रोफिशियन्सी देऊ नका आणि तयार स्पेल चार-पाचवर आणा. तेवढ्याने एकूण वापर पुन्हा आठ-दहाच्या आसपास येतो.

डंजन क्रॉल क्लासिक्स (२०१२) याच वाटेवर फार पुढे गेला. तिथे आकडा १० अधिक स्पेलच्या लेव्हलची दुप्पट, आणि प्रत्येक स्पेलचं स्वतःचं मोठं कोष्टक. रोल जितका वर तितका परिणाम मोठा. अपयशातून शरीरावर विकृतीही उमटू शकते. पण मला त्यातला सगळ्यात मोलाचा नियम स्पेलबर्न वाटतो. रोल मारण्याआधी विझार्ड स्ट्रेंग्थ, अॅजिलिटी किंवा स्टॅमिना जाळून प्रत्येक पॉइंटमागे एक बोनस घेऊ शकतो, आणि जळलेलं दिवसाला एक या गतीने भरतं. पुलावरच्या मित्रासाठी खेळाडू म्हणतो, "पाच स्ट्रेंग्थ जाळतो," आणि पुढचे पाच दिवस त्याचं पात्र जिना चढताना धापा टाकतं. फासा आणि त्याग एकत्र आले की काय होतं ते इथे दिसतं. शॅडोडार्कचा साधा रोल आणि त्यावर स्पेलबर्न, एवढंच घेतलंत तरी भरपूर आहे. प्रत्येक स्पेलचं कोष्टक स्वतः लिहायच्या भानगडीत मात्र पडू नका. ते नोकरी सांभाळून होणारं काम नाही.

वॉरहॅमर फँटसी रोलप्लेच्या दुसऱ्या आवृत्तीतली (२००५) युक्ती वेगळीच आहे. जादूगार आपल्या मॅजिकच्या आकड्याइतके दहा बाजूंचे फासे टाकू शकतो आणि बेरीज मंत्राच्या आकड्याशी तोलतो. पण दोन फाशांवर सारखाच आकडा आला तर अनर्थ. तीन सारखे आले तर मोठा अनर्थ, चार सारखे आले तर महाअनर्थ. दोन फाशांवर सारखा आकडा पडायची शक्यता १० टक्के, तीन फाशांवर २८, चार फाशांवर जवळपास ५०. जादूगार जितका बलवान तितका धोकादायक, आणि हे सांगायला वेगळा नियमच लागत नाही, फासेच सांगतात. कमी फासे टाकायची मुभाही आहे. म्हणजे सावध राहायचं की झोकून द्यायचं हे खेळाडूच्या हातात.

अनर्थाचं कोष्टक तुम्हाला स्वतः लिहावं लागेल, आणि इथे बहुतेकांचा हात जड होतो. "विझार्डला ४डी६ डॅमेज" अशा बारा ओळी लिहिल्या की खेळाडू जादू वापरणंच सोडतो. प्रसंग गुंतागुंतीचा करणाऱ्या ओळी लिहा. नदीवरच्या पुलाच्या जुन्या लाकडाला पालवी फुटते आणि फांद्या दोन्ही बाजूंच्या माणसांना अडकवतात. विझार्डचा आवाज सूर्योदयापर्यंत जवळच्या कावळ्याला मिळतो. टाकलेला मंत्र समोरच्या ऑर्कांपैकी एकाला पाठ होतो आणि तो पळून जातो. शेवटच्या ओळीतून पुढच्या दोन महिन्यांचा खलनायक मिळतो. नैसर्गिक १ ची शक्यता ५ टक्के; एका संध्याकाळी आठ स्पेल टाकले जात असतील तर साधारण तीन संध्याकाळींतून एकदा हे कोष्टक उघडेल. एवढं पुरे. त्याहून जास्त वेळा उघडलं तर गंमत जाते.

क्रियापद आणि नाम: किंमत बोलून ठरते

तिसऱ्या तक्रारीचं उत्तर १९८७पासून उपलब्ध आहे. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांच्या आर्स मॅजिकामध्ये पाच क्रिया आहेत (निर्माण करणं, जाणणं, बदलणं, नष्ट करणं, ताब्यात घेणं) आणि दहा विषय: प्राणी, पाणी, हवा, शरीर, वनस्पती, आग, आभास, मन, माती आणि खुद्द जादू. क्रिया आणि विषय जोडले की पन्नास दिशा तयार. ठरलेले मंत्र शिकता येतात, आणि जागच्या जागी नवाही रचता येतो.

पुलावरचा प्रसंग इथे पूर्णपणे वेगळा होतो. (आर्स मॅजिकाचं जग मध्ययुगीन युरोपचं आहे, तेव्हा ऑर्कांच्या जागी सरदाराचे शिपाई समजा.) आग निर्माण करता येते, तो झाला फायरबॉलचा मार्ग. पण शरीर ताब्यात घेऊन मित्राला उचलून अलीकडे आणता येतं. पाणी ताब्यात घेऊन नदी उसळवता येते. शिपायांची मनं बदलता येतात. किंवा लाकूड नष्ट करून त्यांच्या पायांखालच्याच फळ्या कुजवता येतात. समजा ती हे शेवटचं निवडते. नष्ट करण्यात ८, वनस्पतीत ५, स्टॅमिना २, फाशावर ७: बेरीज २२. जागच्या जागी रचलेली जादू असेल तर थकवा पत्करून बेरीज निम्मी होते, म्हणजे ११. तेवढ्यात लेव्हल १०चा परिणाम बसतो. थकवा नको असेल तर फासा न टाकता पंधराला पाचाने भागायचं, उरले ३. घाईच्या जादूला पूर्वतयारीच्या जादूपुढे किती दुबळं केलंय ते बघा. हा भागाकार या अख्ख्या पद्धतीचा कणा आहे; तो नसता तर मंत्र शिकायची गरजच उरली नसती.

ही पद्धत वाचून मोहात न पडणारा डीएम विरळाच. पण आर्स मॅजिका चालतो त्यामागे आणखी बरंच काही आहे. तिथे जादूगार इतरांपेक्षा बलवान असतात हे उघडच मान्य केलंय. म्हणून एकेक खेळाडू जादूगाराबरोबर दुसरीही पात्रं चालवतो आणि पाळीपाळीने उतरवतो. तिथे नवा मंत्र शोधायला प्रयोगशाळेत एक ऋतू जातो आणि कथा वर्षानुवर्षं चालते. पाच जणांच्या, दर आठवड्याला गुहेत उतरणाऱ्या पार्टीत एकट्या विझार्डला पन्नास दिशा दिल्या तर तुमची पहिली तक्रार दसपटीने परत येईल.

तरी यातला गाभा उचलता येतो, आणि मी तो असा उचलेन. क्रिया पाचच ठेवा, विषय सहा करा. पात्राला सुरुवातीला दोन क्रिया आणि दोन विषय द्या, म्हणजे चार जोड्या. दर दोन लेव्हलला एक शब्द वाढवा. किंमत ठरवायला नवं कोष्टक करू नका, पाचव्या आवृत्तीचे छापील स्पेल हेच मोजमाप. खेळाडूने "लाकूड नष्ट करते, पुलाच्या पलीकडच्या फळ्या," असं म्हटलं की डीएमने मनात विचारायचं, याच्या सगळ्यात जवळचा स्पेल कुठला? शॅटर. दुसरी लेव्हल, १० फुटांची त्रिज्या, ३डी८. मग दुसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट द्या आणि तेवढ्याच भागातल्या फळ्या कोसळवा. स्लॉट राहतात, कल्पना मोकळी होते.

याला किंमत आहे ती वेळेची. प्रत्येक स्पेलला बोलणी होतात. तुमच्या टेबलावर डीएमच्या शब्दाशी हुज्जत घालणारा एक जरी खेळाडू असेल तर ही पद्धत घेऊ नका, स्पष्ट सांगतो. चांगलं जमलेलं टेबल असेल तर डीएमने किंमत एकदा सांगायची, खेळाडूने घ्यायची किंवा सोडायची, आणि चर्चा खेळ संपल्यावर चहा पिताना.

मराठीत खेळणाऱ्यांसाठी हिचा एक फायदा मात्र मोठा आहे. फासे, हिट पॉइंट, रोल हे शब्द आपण सहज वापरतो, पण पाळी आली की खेळाडू इंग्रजीतला परिच्छेद वाचायला थांबतो आणि प्रसंगाची लय तुटते. क्रियापद आणि नाम एवढंच असेल तर बारा वर्षांची भाचीसुद्धा पुस्तक न उघडता जादू करू शकते, तिच्या बोलण्यातूनच.

किंमत नंतर मोजायची असेल तर

एक प्रकार होमब्रूमध्ये फारसा दिसत नाही: जादू आज, किंमत पुढे. रूनक्वेस्ट या खेळाच्या ग्लोरांथा नावाच्या जगात देवाकडून मिळालेले रून पॉइंट खर्च झाले की पूजेत भाग घेऊनच परत मिळवावे लागतात. कोकणातल्या देवचार-वेताळांच्या कथांवर किंवा नवसाच्या कल्पनेवर तुमचं जग उभं असेल तर हेच बीज घ्या. पात्र काय देणार ते बोलतं, स्पेल लगेच आणि नक्की चालतो, आणि नवस वहीत लिहिला जातो. तो फिटेपर्यंत त्या देवाकडून दुसरं काही मिळत नाही. हिशोब जवळपास शून्य आणि पुढच्या अॅडव्हेंचरचा विषय आयता. फक्त अख्ख्या पार्टीला हे देऊ नका. एक-दोन पात्रांपुरतंच ठेवा, नाहीतर कँपेन नवस फेडण्यातच संपेल.

स्लॉट काढण्याआधी

स्लॉट फक्त विझार्डचे नाहीत. पॅलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा) डिव्हाइन स्माइट हा फटका स्लॉटवर चालतो. वॉरलॉकचे (करारातून जादू मिळवणाऱ्या वर्गाचे) स्लॉट शॉर्ट रेस्टवर परत येतात, त्याचं सगळं गणितच त्यावर आहे. २०१४च्या नियमांत काउंटरस्पेल आणि डिस्पेल मॅजिक हे जादू मोडणारे मंत्र स्पेलच्या लेव्हलशी तुलना करतात. पर्ल ऑफ पॉवर ही वस्तू स्लॉट परत देते. स्लॉट नसतील तर तो नुसता मोती. फाशाच्या पद्धतीवर जाताना मी पॅलाडिन आणि रेंजरला जुन्याच नियमांवर ठेवेन आणि रोल फक्त पूर्णवेळ जादूगारांना लावेन. कॉन्सन्ट्रेशनचा (लक्ष लावून धरायचा मंत्र एका वेळी एकच) नियम कुठल्याही पद्धतीत काढू नका. पाचव्या आवृत्तीत जादूला खरा लगाम तोच आहे, स्लॉटपेक्षाही जास्त.

नियम पीडीएफ करून इतरांना द्यायचा बेत असेल तर २०१४च्या नियमांवर आधारलेला एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा खुला संच) जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला आहे, श्रेय देऊन वापरता येतो. फायरबॉल, शॅटर, मॅजिक मिसाइल त्यात आहेत. बिग्बी, मॉर्डेनकायनेन अशी जादूगारांची नावं मात्र त्यातून गाळलेली आहेत, तेव्हा ती तुमच्या कागदावरूनही गाळा.

चालू कँपेनमध्ये नियम मध्येच बदलू नका. एका संध्याकाळचा वेगळा डाव ठेवा, पात्रं तयार द्या, आणि त्यात चाचणी करा. चाचणीला फायरबॉलवर विसंबून राहू नका. आग कुठल्याही पद्धतीत मजा आणते. डिटेक्ट मॅजिक, चार्म पर्सन, फ्लाय आणि इन्व्हिजिबिलिटी हे चार टाकायला लावा. डिटेक्ट मॅजिकचा रोल हुकला तर जादू नाही असं समजायचं, की कळलंच नाही असं? उडताना दुसरा स्पेल हुकला तर पहिला टिकतो का? चार्म पर्सन क्रियापदांत बसवताना मन "बदलणं" की "ताब्यात घेणं"? ही उत्तरं आधी लिहून ठेवा. आणि जे स्पेल रिच्युअल म्हणून दहा मिनिटं जास्त देऊन टाकता येतात त्यांना रोल लावू नका. निवांत वेळ काढून केलेली जादू नक्की चालते आणि घाईत केलेली फसू शकते, एवढा फरक ठेवलात तर विझार्डचा खेळाडू कुठली घाई परवडेल याचा विचार स्वतःच करू लागतो.